संगणकाचे फेरे : काय हलवावें आणि काय हलवूं नये



मी धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर गांवचा एक निवृत्त शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि उभा जन्म मुलांकडून पाढे घोकवून घेण्यांत गेलेला. असा मनुष्य संगणकासारख्या विषयावर बोलावयास बसतो, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु माझा धाकटा मुलगा पुण्यास या क्षेत्रांत नोकरी करतो. तो सुटींत घरीं आला म्हणजे मी त्याच्या कामाची चौकशी करतों, आणि तोही माझ्या समजुतीस उतरेल अशा रीतीनें तें सांगतो. अशा बैठकींतून जें माझ्या पदरीं पडलें, त्यांतील एकच गोष्ट आज आपणांपुढें ठेवणार आहें. ती म्हणजे संगणकाचे फेरे, आणि त्या फेऱ्यांतील काम हलकें करणारा कंपायलर नांवाचा दुभाषी.

प्रारंभ शाळेपासूनच करतों. उशिरां येणाऱ्या मुलास मी शिक्षा देत असें : 'मी उद्यांपासून वेळेवर येईन' हें वाक्य पन्नास वेळां लिहून आण. पोरें मोठीं हुशार. तीं वाक्य पुरें लिहीतच नसत. आधीं 'मी' हा शब्द पन्नास ओळींवर एकाखालीं एक लिहीत, मग 'उद्यांपासून' पन्नास वेळां, मग 'वेळेवर'. मी रागावत असें. पण खरें सांगावयाचें तर, पुरें झालेलें पान पाहून तें कोणत्या क्रमानें लिहिलें हें ओळखतां आलें नसतें. काम तेंच, फळ तेंच, क्रम निराळा, आणि हात मात्र अधिक झपाट्यानें चालला.

आतां हीच युक्ति वाण्याच्या रोजकीर्दींत चालवून पाहा. तेथें जमा, खर्च आणि शिल्लक असे रकाने असतात. जमेचा रकाना आधीं सगळा भरला तरी बिघडत नाहीं. परंतु शिल्लकेचा रकाना कोणी सर्वांआधीं भरूं म्हणेल तर तें शक्य आहे काय? प्रत्येक ओळीची शिल्लक ही वरच्या ओळीच्या शिल्लकेवर आणि आपल्या ओळीच्या जमाखर्चावर अवलंबून असते. म्हणजे एके ठिकाणीं क्रम बदलला तर चालतो, दुसरे ठिकाणीं चालत नाहीं. हा भेद डोळ्यांनीं सहज दिसतो तो आपणांस. जड यंत्रास तो कसा दिसावा, हाच आजचा प्रश्न आहे.

संगणकास आपली भाषा कळत नाहीं. त्यास कळतात त्या अगदीं बारीक सूचना : ही संख्या उचल, ती हिच्यांत मिळव, येथें ठेव. मनुष्य आपल्या सोयीच्या भाषेंत आज्ञावली लिहितो, आणि तिचें या बारीक सूचनांत भाषांतर करणारी जी दुसरी आज्ञावली, तिला कंपायलर म्हणतात. १९५७ मध्यें अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनींत जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आपल्या ७०४ या यंत्रासाठीं फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला. त्या काळीं हातानें सूचना लिहिणारे जाणते लोक म्हणत कीं, यंत्रानें केलेलें भाषांतर मनुष्याच्या लिखाणाइतकें चपळ कधींच होणार नाहीं. हा आक्षेप खोटा ठरविल्याखेरीज कंपायलर कोणी वापरता ना. म्हणून त्या पहिल्याच कंपायलरमध्यें भाषांतराबरोबर काटकसरीचीही योजना होती, आणि तिचा मोठा रोख फेऱ्यांवर होता.

फेऱ्यांवरच कां? साधा हिशेब पाहा. एका कोष्टकांत १००० ओळी आहेत आणि प्रत्येक ओळींत १००० घरें आहेत. सर्व घरें भरावयाचीं तर ओळींचा एक मोठा फेरा, आणि त्याच्या पोटांत घरांचा लहान फेरा. आंतल्या फेऱ्यांतील सूचना १० लक्ष वेळां चालतात. बाहेर लिहिलेली सूचना एकदां चालते. बाहेरचा एक गुणाकार वांचवून काय मिळणार? आंतला एक गुणाकार वांचविला तर १० लक्ष गुणाकार वांचले. खर्च जेथें होतो तेथेंच काटकसर केली पाहिजे, हें कोणत्याही गृहिणीस सांगावें लागत नाहीं.

यावर आपण म्हणाल, फेरा ओळखण्यांत अवघड तें काय? लिहिणारानें 'इतके वेळां कर' असें लिहिलेलेंच असतें. परंतु भाषांतर अर्ध्यावर आलें म्हणजे ते शब्द उरत नाहींत. उरतात ते सूचनांचे लहान लहान गट, आणि एका गटाकडून दुसऱ्याकडे जाणारे बाण. त्या जाळ्यांतून फेरा पुन्हां शोधून काढावा लागतो. तो कसा शोधतात, हें सांगण्यास जुन्या तटबंदीच्या गांवाचा दृष्टान्त पुरेल. गांवांतील कोणत्याही घरीं जावयाचें तर वेशींतूनच गेलें पाहिजे, दुसरी वाट नाहीं. आणि आंतून निघालेली एक वाट वळून पुन्हां वेशीशीं येते. अशी वेस आणि अशी परतीची वाट जेथें सांपडली, तेथें फेरा आहे असें कंपायलर समजतो. वेशीच्या अलीकडे तो एक पार बांधून ठेवतो. फेऱ्याचें काम सुरूं होण्यापूर्वीं जें एकदांच करावयाचें, तें या पारावर करावयाचें.

अशा वाटांच्या नकाशावरून आज्ञावलीचा अभ्यास करण्याचें शास्त्र ज्यांनीं घडविलें, त्यांत फ्रान्सिस ॲलन या बाईंचें नांव मोठें आहे. त्या मूळच्या गणिताच्या शिक्षिका. शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज फेडावें आणि पुन्हां शाळेंत जावें, अशा विचारानें त्या १९५७ मध्यें आय. बी. एम.मध्यें आल्या, आणि तेथील शास्त्रज्ञांना नवी फोर्ट्रान भाषा शिकवूं लागल्या. पुढें त्या तेथेंच राहिल्या. संगणकशास्त्रांतील सर्वोच्च समजलें जाणारें ट्यूरिंग पारितोषिक त्यांस २००६ सालचें मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. शाळामास्तरांच्या जातीचा एक मनुष्य या शास्त्राच्या मुळाशीं आहे, याचा मला थोडा अभिमान वाटतो.

आतां पारावर काय आणावयाचें तें पाहूं. फेऱ्यांत एखादें काम असें असतें कीं, प्रत्येक फेरींत त्याचें उत्तर तेंच येतें. शाळेचा एक निधि आहे, तो सर्व विद्यार्थ्यांत सारखा वांटावयाचा आहे. आज्ञावली लिहिणारानें लिहिलें : प्रत्येक विद्यार्थ्यासाठीं निधीला पटसंख्येनें भाग, आणि येईल ती रक्कम त्याच्या नांवें लिही. ५०० विद्यार्थी असले तर तोच भागाकार ५०० वेळां! शहाणा कंपायलर तो भागाकार उचलून पारावर आणतो, एकदां करतो आणि उत्तर हाताशीं ठेवतो. किती सोपें आहे, असें आपणांस वाटेल. मलाही तसेंच वाटलें होतें. परंतु हें ऐकतांना मला माझी एक जुनी चूक आठवली, आणि मी गप्प झालों.

१९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीचें विसर्जन नुकतेंच आटोपलें असतांना, आमच्या भागांत भूकंप झाला. किल्लारीचा भूकंप म्हणून तो आपणां सर्वांस ठाऊक आहे. अतिशय हानि पोंचलेल्या गांवांत आमचें सास्तूरही होतें. त्या दिवसांचें वर्णन करण्याचा आज माझा उद्देश नाहीं. पुढें कांहीं आठवड्यांनीं मदतीच्या याद्यांच्या नकला करण्याचें काम माझ्यासारख्या कांहीं शिक्षकांकडे आलें. पत्र्याच्या छपराखालीं कंदिलाच्या उजेडांत आम्ही बसत असूं. प्रत्येक ओळींत अनुक्रमांक, कुटुंबप्रमुखाचें नांव, माणसें किती, आणि शेवटीं गांव, तालुका, जिल्हा. शेंकडों ओळींत 'सास्तूर' लिहून हात दुखूं लागला, तेव्हां मला युक्ति सुचली. मीं गांवाचें नांव पानाच्या माथ्यावर एकदांच लिहिलें, आणि खालचा रकाना सोडून दिला. काम निम्म्या वेळांत झालें. सोबत्यांनीं माझी पाठ थोपटली.

त्या यादींत मध्यावर अकरा कुटुंबें शेजारच्या गांवचीं होतीं. घरें पडल्यामुळें तीं आमच्याकडील नातलगांच्या आश्रयास आलीं होतीं, आणि मूळ यादींत त्यांच्या पुढें त्यांच्या गांवाचें नांव बरोबर लिहिलेलें होतें. मीं पहिल्या पानावरून ठरविलें कीं हा रकाना बदलत नाहीं, आणि पुढें तो पाहिलाच नाहीं. कांहीं दिवसांनीं एक म्हातारी बाई माझ्याकडे आली. दोनदां ती रांगेंत उभी राहून परत आली होती. तिचें नांव यादींत होतें, पण गांव जुळत नव्हतें. ती मला एवढेंच म्हणाली, "गुरुजी, माझं गाव तेवढं नीट लिहा." मीं त्या रात्रीं बसून सगळी यादी पुन्हां लिहिली. तिची मदत तिला मिळाली. पण तिचे जे दिवस गेले ते कांहीं मला परत देतां आले नाहींत.

हें सर्व मी मुलास सांगितलें. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "अण्णा, आमच्या कामांतली मोठ्यांत मोठी चूक ती हीच. काम बाहेर काढणं सोपं आहे. तें बाहेर काढतां येतं हें सिद्ध करणं अवघड." मग त्यानें मला तीन कसोट्या सांगितल्या, त्या मी आपणांस सांगतों.

पहिली कसोटी : त्या कामाचे जे घटक, त्यांपैकीं एकही फेऱ्याच्या आंत कोठेंही बदलत नाहीं ना? पहिल्या फेरींत नव्हे, कोठेंही नव्हे. मी नेमका येथेंच चुकलों. कंपायलर पहिलें पान पाहून समाधान मानीत नाहीं. आंतील प्रत्येक गट आणि प्रत्येक बाण तपासतो.

दुसरी कसोटी : तें काम आधीं केल्यानें नवें संकट तर उभें राहत नाहीं? आपल्या निधीचें उदाहरण घ्या. एखाद्या शाळेंत पटावर एकही विद्यार्थी नसेल, तर फेरा शून्य वेळां चालेल आणि भागाकार करण्याची वेळच येणार नाहीं. परंतु तो भागाकार आपण पारावर आणून ठेवला असेल, तर फेरा चालो न चालो, शून्यानें भागण्याचा प्रसंग येईल आणि आज्ञावली तेथेंच कोसळेल. म्हणून फेरा निदान एकदां तरी चालणार आहे अशी खात्री करून घ्यावी लागते, किंवा पारावर जाण्यापूर्वीं तशी चौकशी घालावी लागते.

तिसरी कसोटी सर्वांत फसवी. एकाच जागेला दोन नांवें तर नाहींत? एखाद्या गांवांत एकाच आडाला कोणी 'पाटलाचा आड' म्हणतात, कोणी 'देवळामागचा आड'. पाटलाच्या आडाचें पाणी एकदां तपासून निर्मळ ठरविलें, आणि मग कोणी देवळामागच्या आडांत घाण टाकली, तर आपली तपासणी व्यर्थ गेली. आज्ञावलींतही स्मरणाच्या एकाच घराला दोन नांवें असूं शकतात. एका नांवानें तें घर बदललें तर दुसऱ्या नांवानें ठेवलेला हिशेब खोटा ठरतो. दोन्ही नांवें निरनिराळ्या घरांचींच आहेत असें सिद्ध होत नाहीं तोंपर्यंत कंपायलर काम हलवीत नाहीं.

या शास्त्रांत आपल्या मुंबईनेंही भर घातली आहे. १९७९ मध्यें मोरेल आणि रेनव्हॉइझ या दोघां संशोधकांनीं एक व्यापक पद्धति मांडली. ती अशी : दोन वाटा एका चौकांत मिळतात. एका वाटेनें येणारानें एक बेरीज आधींच केलेली आहे, दुसऱ्या वाटेनें येणारानें केलेली नाहीं, आणि चौकाच्या पुढें ती सर्वांनाच करावी लागते. पहिल्याचें काम दुबार झालें. उपाय असा कीं, दुसऱ्या वाटेवरही ती बेरीज करावी आणि चौकापुढची काढून टाकावी. फेऱ्यांतील न बदलणारें काम हा याचाच एक प्रकार होय. कारण वेशीशीं परतीच्या वाटेनें येणारानें तें आधींच केलेलें असतें, नव्यानें येणारानें केलेलें नसतें. परंतु कधीं कधीं दुसऱ्या वाटेवर काम ठेवावयास जागा सांपडत नाहीं. जेथें ठेवावें तेथून आणखी एक वाट भलतीकडे जाते, आणि त्या वाटसरूंवर विनाकारण भार पडतो. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक धनंजय धामधेरे यांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या लेखांत, काम गटांत न ठेवतां थेट बाणावरच, म्हणजे दोन गटांच्या मध्यें नवी जागा करून ठेवण्याची व्यवहार्य रीति दाखविली. १९९२ मध्यें क्नूप, र्‍यूथिंग व स्टेफेन या जर्मन विद्वानांनीं आणखी एक विवेक शिकविला : काम हलवावें, पण गरजेपेक्षां लवकर करूं नये. उत्तर हातांत धरून ठेवण्यासही जागा लागते, आणि यंत्राचे हात, ज्यांना रजिस्टर म्हणतात, ते मोजकेच असतात. मुंबईंतील हें काम पुढेंही चाललें. धामधेरे आणि उदय खेडकर यांचा या विश्लेषणाच्या सामान्य सिद्धान्तावरील लेख १९९४ चा. आणि खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री साठे यांचा त्या विषयावरील ग्रंथ २००९ चा.

आतां ज्या गोष्टी प्रत्येक फेरींत बदलतात, पण नियमानें बदलतात, त्यांकडे वळूं. एकोणतिसाचा पाढा न येणारें मूल काय करतें? एकोणतीस सत्ते किती, हें तें गुणून काढीत नाहीं; सक्काच्या उत्तरांत २९ मिळवितें. गुणाकाराच्या जागीं बेरीज आली. कंपायलर हेंच करतो. १००० घरांच्या ओळींच्या कोष्टकांत अमुक ओळ कोठें सुरूं होते, हें काढण्यास ओळीच्या क्रमांकास १००० नीं गुणावें लागतें. त्याऐवजीं तो मागच्या जागेंत १००० मिळवीत जातो. अशा बदलत्या संख्येची ओळख तो दोन गोष्टींनीं ठेवतो : आरंभ किती, आणि दर फेरीस वाढ किती. त्याबरोबर फेऱ्या किती होणार तेंही काढतो. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इसवी सन ११५० मध्यें, लिहिलेल्या 'लीलावती'च्या श्रेढीव्यवहारांत याच तीन गोष्टींना आदि, चय आणि गच्छ अशीं नांवें आहेत. आणि त्या तिन्हींवरून शेवटचें पद व सर्व पदांची बेरीज एकदम काढण्याचे नियम आहेत. एकापासून अमुक संख्येपर्यंत बेरीज करणारा साधा फेरा आजच्या चांगल्या कंपायलरपुढें ठेवला, तर तो पुष्कळदां फेरा काढूनच टाकतो आणि त्या जागीं एक लहानसें सूत्र लिहितो. शंभर वेळांचें काम दोन-तीन सूचनांत आटोपतें. मास्तरला याहून मोठा आनंद कोणता?

आतां पोरांच्या त्या उभ्या लिखाणाकडे परत येऊं. म्हणजे क्रम बदलण्याकडे. क्रम बदलल्यानें यंत्राचें काय साधतें? मुख्य स्मरणांतून संख्या आणावयास यंत्रास वेळ लागतो, म्हणून तें एक एक संख्या न आणतां शेजारशेजारच्या कांहीं संख्या एकदम आणतें. आजच्या नेहमीच्या यंत्रांत एका खेपेस ६४ बाइट, म्हणजे मोठ्या आकाराच्या ८ संख्या येतात. सी भाषेंत कोष्टकाच्या ओळी एकीमागून एक ठेवलेल्या असतात. फोर्ट्रानमध्यें उभे रकाने एकामागून एक असतात. तेव्हां सी भाषेंतील मोठें कोष्टक कोणी उभें वाचूं लागला, तर प्रत्येक खेपेस आणलेल्या आठांपैकीं एकच संख्या कामास येते. उरलेल्या सातांची पाळी येईतों त्या बहुधा परत गेलेल्या असतात. आडवें वाचलें तर आठही उपयोगी पडतात. म्हणून कंपायलर आंतला फेरा बाहेर आणि बाहेरचा आंत घेऊं पाहतो.

परंतु त्याआधीं त्यानें वाण्याची रोजकीर्द आठवली पाहिजे. समजा, कोष्टकांतील प्रत्येक घर भरण्यास वरच्या ओळींतील, एक घर उजवीकडचा आंकडा लागतो. आपण ओळीओळीनें भरीत गेलों तर वरची ओळ पुरी झालेली असते, आणि तो आंकडा तयार मिळतो. उभें भरूं लागलों तर तो आंकडा पुढच्या रकान्यांत असतो, आणि पुढचा रकाना अजून कोराच! फेऱ्यांची अदलाबदल येथें चालणार नाहीं. तोच आंकडा वरच्या ओळींतील डावीकडच्या घराचा असता, तर दोन्ही क्रम चालले असते. उजवें आणि डावें एवढ्यानेंच होयचें नाहीं होतें. कोणतें घर कोणत्या घरावर अवलंबून आहे, आणि तें अंतर कोणत्या दिशेचें आहे, हें कंपायलर समीकरणें मांडून काढतो, आणि नव्या क्रमांत कोणतीही वस्तु घडण्यापूर्वीं वापरली जात नाहीं असें ठरलें तरच पुढें जातो.

हाच प्रश्न एक काम अनेकांत वांटतांनाही येतो. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याचें बळ एका मोठ्या यंत्रांत नव्हतें; अनेक लहान गणकांनीं एकत्र काम करावें, अशी त्याची रचना होती. अशा यंत्रावर फेऱ्याच्या फेऱ्या निरनिराळ्या गणकांकडे द्यावयाच्या तर एका फेरीस दुसरीच्या उत्तराची वाट पाहावी लागतां कामा नये. पोरांची शिक्षा पन्नास जणांत वांटतां येते. रोजकीर्दींतील शिल्लक तशीच्या तशी वांटतां येत नाहीं.

हीं सर्व कामें आतां एकाच मोठ्या चौकटींत बसविलेलीं असतात. अशी एक प्रसिद्ध चौकट म्हणजे एल. एल. व्ही. एम. तिचा आरंभ २००० मध्यें अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत क्रिस लॅटनर यांनीं केला. त्यांचे मार्गदर्शक विक्रम आडवे हे मुंबईच्या आय. आय. टी.चे माजी विद्यार्थी. या चौकटींत पाहणारे आणि बदलणारे असे दोन वर्ग आहेत. पाहणारा फक्त पाहतो : वेशी कोठें आहेत, कोणत्या फेऱ्याच्या पोटांत कोणता फेरा आहे, कोणतीं दोन नांवें एकाच घराचीं असूं शकतील. तो एका अक्षरासही हात लावीत नाहीं. बदलणारा त्याच्या अहवालावर विसंबून बदल करतो. पण बदल होतांच जुना अहवाल संशयास्पद होतो. म्हणून बदलणारानें सांगावें लागतें कीं अमुक माहिती अजून खरी आहे. ज्याविषयीं तो तसें सांगत नाहीं, ती माहिती टाकून देतात आणि लागेल तेव्हां नव्यानें काढतात. शिळ्या अहवालावर नवें काम करावयाचें नाहीं, असा तेथला दंडक आहे.

आणखी एक गोष्ट सांगून पुरें करतों. बेरीज कोणत्याही क्रमानें केली तरी उत्तर एकच, असें मीं जन्मभर शिकविलें. संगणकांत अपूर्णांकांच्या बाबतींत तेंही सर्वस्वीं खरें नाहीं. आपल्या वहींत आठच अंक मावतात असें समजा. एक कोटींत ०.४ मिळविलें तर आठ अंकांत उत्तर एक कोटीच राहतें. दहा वेळां मिळविलें तरी एक कोटीच. पण ते दहा लहान तुकडे आधीं एकत्र केले तर ४ होतात, आणि एक कोटी चार हें उत्तर येतें. म्हणून लिहिणारानें स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज चांगला कंपायलर अशा बेरजेचा क्रम बदलीत नाहीं. दुसरें उत्तर अधिक खरें असलें तरीही नाहीं. कारण लिहिणारानें मागितलें तें तें नव्हे.

मीं मुलास विचारलें, "आणि सिद्ध झालंच नाहीं तर?" तो म्हणाला, "तर जसं लिहिलं आहे तसंच ठेवायचं. काम सावकाश होईल, पण चुकणार नाहीं." काटकसर करण्याची एवढी विद्या ज्याच्यापाशीं आहे, तो शंका येतांच हात आंखडून घेतो, हें मला मोठें वाटलें. आज आपलें वेतन, बँकेंतील खातें, शिधापत्रिका, पिकाच्या विम्याची यादी, सर्व कांहीं कोठें तरी अशाच फेऱ्यांतून फिरत असतें; आणि प्रत्येक फेरीच्या टोकाशीं एक मनुष्य आपल्या नांवाची वाट पाहत उभा असतो. त्या छपराखालीं बसून मीं वेळ वांचविला तेव्हां हें माझ्या ध्यानीं आलें नव्हतें. मूळ यादींतला तो रकाना मीं शेवटपर्यंत वाचला असता, तर अकरा ओळींपुरतें गांव निराळें लिहावें लागलें असतें. बाकीच्या ओळींची बचत तरीही झालीच असती.